नावेचं गाव

इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंट खात्यात मी एकोणीस वर्षं काढली. परवानगी न घेता चढवलेली माडी, गॅरेजात थाटलेली भाड्याची खोली, परसात उभी राहिलेली शेड अशा तक्रारी रोज यायच्या. त्या मी निपटल्या आणि विसरले. विसरले नाही ते कालव्याकाठचं मरीना. सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशा नॅरोबोटी तिथे ओळीनं बांधलेल्या असत. तक्रार एकच यायची: यातल्या काही नावांत माणसं राहतात.

माझे आजोबा दाभोळच्या खाडीत तांडेल होते. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाची होडी कुठे लागते हे अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. त्यासाठी कुणी कागद मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच असेल, नावेच्या फायली माझ्याकडे आल्या की मी त्यांचा इतिहास खणत बसायची. तक्रार गेल्या महिन्यातली असली तरी तिचं मूळ दीडशे-दोनशे वर्षं मागे निघायचं.

१७६१ साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा ब्रिजवॉटर कालव्यानं मँचेस्टरकडे जाऊ लागला. पुढे देशभर कालव्यांचं जाळं पसरलं. नावाडी तेव्हा काठावर घर करून राहायचे. मग रेल्वे आली आणि मालवाहतुकीचे दर पडले. काठावरच्या घराचं भाडं परवडेना, मजूर ठेवणं परवडेना. नावाड्यानं बायकापोरांना नावेवर आणलं. बायको सुकाणू धरू लागली, पोरं घोडा हाकू लागली. मागच्या टोकाला खोलीएवढीही नसलेली एक केबिन असायची. चूल, पलंग, कपाट, बाळंतपण, आजारपण सगळं तिच्यातच. नावेतल्या घराची सुरुवात ही अशी झाली. शेजारच्या घरांतले लोक मला सांगायचे की या नाववाल्यांना हौस आहे. माझ्या समोरच्या कागदांत हौस फार थोडी होती.

या माणसांची कड घेतली जॉर्ज स्मिथ यांनी. लहानपणी ते वीटभट्टीवर राबले होते. भट्ट्यांवरच्या मुलांसाठी लढून झाल्यावर ते कालव्यांकडे वळले. त्यांच्या खटपटीतून १८७७ चा कॅनॉल बोट्स ॲक्ट आला आणि १८८४ मध्ये त्याला धार आली. नावेत राहायचं तर तिची नोंदणी स्थानिक प्राधिकरणाकडे व्हायला हवी, असं हा कायदा म्हणाला. केबिनमध्ये मोठ्या माणसामागे ६० घनफूट आणि बारा वर्षांखालच्या मुलामागे ४० घनफूट मोकळी हवा हवी. आरोग्य निरीक्षकाला नावेवर चढून पाहायचा अधिकार मिळाला. काउन्सिलचा माणूस नावेवर पहिल्यांदा चढला तो असा. तो आला नाव हटवायला नव्हे, आत किती जण झोपतात ते मोजायला.

या कायद्यातलं एक कलम मला फार भावतं. प्रत्येक नाव कुठल्या तरी एका ठिकाणची म्हणून नोंदवायची आणि त्या ठिकाणाचं नाव नोंदणी क्रमांकासह तिच्यावर रंगवायचं. शाळेच्या कायद्यापुरती त्या नावेतली मुलं त्याच ठिकाणची रहिवासी धरायची. आज या गावी, उद्या पुढच्या, अशी फिरणारी मुलं शाळेत फार दिवस टिकली नाहीत हे खरं. तरीही जिला गाव नाही अशा नावेला कायद्यानं एक गाव दिलं. हे औदार्य पुढच्या कुठल्याच कायद्यात मला सापडलं नाही.

१९४७ चा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १ जुलै १९४८ पासून अमलात आला. जमिनीचा वापर बदलायचा तर परवानगी घ्यायची, नाहीतर काउन्सिल नोटीस काढणार. कालवे त्याच वर्षाच्या आरंभी सरकारजमा झाले होते. युद्धानंतर घरांची चणचण होती आणि नौदलाची जुनी जहाजं स्वस्तात मिळत होती. चेल्सीच्या काठाला, शोरहॅमच्या खाडीत लोक त्यांत बिऱ्हाड करू लागले. लेखिका पेनेलोपी फिट्झजेराल्ड थेम्सवर ग्रेस नावाच्या बार्जवर मुलांसह राहत होत्या. ती बार्ज बुडाली. त्याच दिवसांवरच्या त्यांच्या ‘ऑफशोअर’ कादंबरीला १९७९ चं बुकर पारितोषिक मिळालं. इकडे १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे महिनोन् महिने गोठले आणि आधीच मरगळलेल्या मालवाहतुकीचं कंबरडं मोडलं. नावा उरल्या, माल उरला नाही. पुढे जागोजागी मरीना झाली. त्यांच्या परवानग्यांत बहुधा अट असायची की नावा विरंगुळ्यासाठी बांधा, घर म्हणून नको.

आता यातली मेख. प्लॅनिंगच्या कायद्याला नाव दिसतच नाही. त्याला दिसते पाण्याखालची जमीन. थेम्सवर तरंगता हेलिकॉप्टर तळ चालवायचा एक बेत होता. त्या खटल्यात अपील कोर्टानं मानलं की पाण्यावरचा वापरसुद्धा जमिनीचा वापर ठरू शकतो. म्हणून नोटीस काढता येते. मात्र २००० साली चेल्सीतल्या एका हाउसबोटीच्या खटल्यात भाडेकरूला संरक्षण हवं होतं, तेव्हा त्याच अपील कोर्टानं सांगितलं की नाव ही जंगम वस्तू आहे, ती जमिनीचा भाग नाही, म्हणून घरभाडेकरूचे हक्क लागू नाहीत. दोन्ही निकाल आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. पण नावेत राहणाऱ्या बाईनं काय समजायचं? उठवायचं असेल तेव्हा ती जमिनीवर आणि टिकायचं असेल तेव्हा पाण्यावर.

दुसरा पेच याहून जाचक. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टप्रमाणे नाव बांधायला कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही, पुढे सरकावंच लागतं. प्लॅनिंगच्या कायद्यात १९९१ पासून नेमकं उलटं: वापरातला असा बदल एकाच जागी दहा वर्षं अखंड चालू राहिला तर काउन्सिलची कारवाई संपली. एक कायदा पुरावा मागतो हलल्याचा, दुसरा न हलल्याचा.

काउन्सिलची बाजू मी मांडलेली आहे आणि ती पोकळ नव्हती. पूररेषेतली जागा, ग्रीन बेल्ट, मैल्याची सोय नसणं, रात्रभर चालणारे जनरेटर यांतलं काही खोटं नव्हतं. नोटीस लागू व्हायला निदान २८ दिवस द्यावे लागतात, त्याआधी अपील केलं तर ती थांबते. ही वाट मी दर वेळी समोरच्याला नीट समजावून सांगायची. तरी मला वाटायचं आणि अजून वाटतं की नाव कुठून आली ते विचारल्याशिवाय ती कुठे जावी हे ठरवू नये. घरांची गरज मोजताना नाव बांधून राहणाऱ्यांच्या जागांचाही विचार करा, असं काउन्सिलांना बजावणारं कलम २०१६ मध्ये आलं. १८७७ पासून २०१६ पर्यंत!

मरीनातली एक तक्रार एका विधवा आजींविरुद्ध होती. मी डिसेंबरच्या सकाळी गेले. धुराड्यातून धूर येत होता, छपरावर कुंड्या होत्या, धक्क्यावर गॅसचं सिलिंडर. राहतं घर असल्याच्या याच खुणा आम्ही टिपायचो. आजींनी चहा केला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत बिस्किटं नव्हती, पावत्या होत्या. कोळशाच्या, सिलिंडरच्या, मरीनाच्या भाड्याच्या, दवाखान्याच्या. अकरा हिवाळ्यांच्या, वर्षवार रबर लावून ठेवलेल्या. ‘‘माझी आई मालवाहू नावेवर जन्मली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. मी एकही टाकला नाही.’’

दोन आठवडे मी त्या पावत्या तारखेनं लावल्या. दोन ठिकाणी खंड पडल्यासारखा वाटला. एका खंडात त्या इस्पितळात होत्या, दुसऱ्यात नावेचा तळ रंगवायला ती वर काढली होती. दोन्हींचे कागद डब्यातच निघाले. मी कारवाई नको असं टिपण लिहिलं आणि कायदेशीर वापराच्या दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा ते त्यांना सांगितलं.

दाखल्याला नकाशा जोडावा लागतो आणि त्यावर जागेभोवती लाल रेघ. एरवी ती रेघ घराभोवती, कुंपणाभोवती फिरते. या नकाशात ती पाण्यावर होती. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद असा एक बारीक लाल चौकोन, आणि आत काहीच काढलेलं नव्हतं.