सदिर: कला कोणाची, रोष कोणाचा?

चेन्नईच्या वायव्येस अण्णा नगर नावाची वसाहत आहे. १९६८ साली येथे जागतिक व्यापार मेळावा भरला होता. त्या वेळचा मनोरा तेथील उद्यानात अजून उभा आहे. या वसाहतीत संध्याकाळी अनेक घरांतून लाकडी ठोकळ्यावर पडणाऱ्या दांडक्याचा ताल ऐकू येतो. भरतनाट्यम्‌चे पाठ चाललेले असतात. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलीही ते पाठ गिरवतात आणि हा नाच तुमचा आहे काय, असे त्यांना कोणी विचारीत नाही. परंतु याच शहरात एके काळी या प्रश्नावरून मोठे रण माजले होते.

एका समाजाची कला दुसऱ्याने उचलली तर तो अपहार ठरतो काय, आणि ज्याला इजा झाली त्याच्या वतीने तिसऱ्यानेच रोष धरावा काय, हे वाद आज नवे म्हणून मांडले जातात. मद्रासने ते फार पूर्वी अनुभवले आहेत. त्यात आपल्या मराठी मंडळींचाही थोडा वाटा आहे.

भरतनाट्यम्‌चे पूर्वीचे नाव सदिर. ही कला देवदासींची आणि त्यांना शिकविणाऱ्या नट्टुवनारांची. तंजावरच्या बृहदीश्वर देवळात राजराज चोलाने चारशे नर्तकींची नेमणूक केल्याचा शिलालेख आहे. पुढे सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. शहाजीराजांनी तेथे तेलुगू आणि मराठी नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजींच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आजही रंगमंचावर दिसतो, त्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणेही त्याच दरबारची. तमिळ देशात, मराठी राजाच्या आश्रयाने, तेलुगू पदांवर नाचणारी स्त्री! या कलेची मालकी एका भाषेच्या नावे करू पाहणाऱ्याची येथेच पंचाईत होते.

मग रोषाचे पर्व आले. १८९३ साली मद्रासच्या सुधारकांनी व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना विनंती केली की, नाचाचे समारंभ असतील तेथे आपण जाऊ नये. दोघांनीही ती मानली नाही. पण प्रतिष्ठित घरांतून नर्तकींची आमंत्रणे हळूहळू बंद होऊ लागली.

दुसरे प्रकरण याहून बोलके आहे. प्रतापसिंहराजांच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले होते. एकोणिसाव्या शतकातील छापील प्रतीत त्यातील काही भाग गाळला गेला. बंगलोर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील विदुषीने १९१० साली त्याची संपूर्ण आवृत्ती काढली. थोर सुधारक वीरेशलिंगम् यांना त्यातील शृंगार असह्य वाटत होता. पुरुष कवींनी याहून उघडे लिहिले तर चालते, मग स्त्रीलाच लज्जेचा नियम का, असा नागरत्नम्मांचा सवाल होता. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठावयास १९४७ साल उजाडले.

१९२७ साली डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या कायदेमंडळात मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध ठराव आणला. देवदासींच्या संघटनेने सरकारकडे उलट निवेदन धाडले. नागरत्नम्मा त्यात पुढे होत्या. आमच्या वतीने बोलताना आम्हांलाही विचारा, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मात्र मुत्तुलक्ष्मींना निव्वळ परक्या म्हणता येणार नाही. त्यांच्या मातोश्री याच समाजातील. मूवलूर रामामिर्तम् अम्माळ यांचा जन्मही याच समाजात झाला होता आणि त्या या चालीच्या कडव्या विरोधक होत्या. म्हणजे ज्यांचे दुःख, त्यांचाही एक आवाज नव्हता. १९४७ च्या कायद्याने मुली वाहणे बंद झाले, हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याने देवळातील आणि देवाच्या मिरवणुकीतील नृत्यही बेकायदा ठरले.

इकडे देवळाबाहेर नाच नव्या हाती जात होता. वकील ई. कृष्ण अय्यर यांनी त्याची बाजू लढविली आणि म्युझिक अकॅडमीने १९३१ साली देवदासी कुळातील भगिनींचा कार्यक्रम केला. १९३५ च्या डिसेंबरात रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला नाचल्या. पुढच्याच वर्षी कलाक्षेत्र सुरू झाले. सदिर हे नाव मागे पडले. रुक्मिणीदेवींनी शृंगाराला सोवळे नेसविले, अशी तक्रार झाली. देवदासी परंपरेतील बालसरस्वती शृंगार हाच या कलेचा प्राण मानीत राहिल्या. गंमत अशी की, मैलापूरच्या देवदासी गौरी अम्माळ या दोघींच्याही गुरू.

आपल्याकडील एक उदाहरण पडताळून पाहावे. गोव्याच्या कलावंत घराण्यांतील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे सर्व समाजाने आपलेसे केले. पण व्यासपीठावर त्या स्वतःच राहिल्या. मद्रासेत बालसरस्वतींसारखे अपवाद वगळता नाच गौरवास चढला आणि नाचणारी मात्र घरी बसली.

माझ्या मते खरी हानी येथे झाली. ब्राह्मण मुलीने सदिर शिकला म्हणून कला चोरीस गेली नाही. तिचे शिक्षण पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांसारख्या परंपरागत गुरूंनीच केले. पण जिच्या कुळाने ती शतकानुशतके सांभाळली, तिचे नाव, तिची रोजी आणि तिची जागा यांची तरतूद कोणी केली नाही. सुधारकांचा रोष खोटा नव्हता, अपुरा होता.

सरकारी नोकरीत एक सवय लागते. अर्ज कोणाच्या हिताचा हे वाचण्यापूर्वी खाली सही कोणाची आहे ते पाहावयाचे. दुसऱ्याच्या वतीने अर्ज करण्यास कायद्याची ना नाही आणि पुष्कळदा दुबळ्याचा तोच आधार असतो. परंतु अशा अर्जाचा निकाल लावण्यापूर्वी ज्याचे नाव त्यात आहे त्याला बोलावून घ्यावे, त्याचे म्हणणे आपल्याला न रुचणारे निघाले तरी नोंदवून घ्यावे. मद्रासेत देवदासींनी आपल्या सहीचे निवेदन स्वतः होऊन पाठविले होते. ते दप्तरी दाखल झाले; त्याला मनापासून उत्तर देण्याचे काम अजून बाकी आहे.