सोरा, गंधक, शिसे

बंदूक तीन पिढ्या टिकते. तिच्यातली दारू मात्र नीट जपली नाही, तर एका पावसाळ्यात सादळून वाया जाते. असे असूनही आपल्या इतिहासलेखनात बंदुकीला आणि तोफेलाच मान मिळाला. तोफांना नावे असतात, त्यांवर लेख कोरलेले असतात, त्या किल्ल्यांवर आजही पाहायला मिळतात. त्यांच्या पोटात जे भरले जाई ते जळून गेले, धूर होऊन उडाले आणि इतिहासाच्या पानांतूनही बहुतेक नाहीसे झाले.

तलवार आणि बंदूक यांत मूलभूत फरक आहे. तलवारीला घाव घातल्यावर पुन्हा काही भरावे लागत नाही. बंदूक प्रत्येक बारानंतर रिकामी होते आणि ती पुन्हा भरण्यासाठी कुणाच्या तरी दारात जावे लागते. ते दार गावातलेच असेल तर बंदूक गावाची. ते दूर असेल तर बंदूक गावात असली तरी तिची सत्ता दुसरीकडे असते. हे दार आपल्याकडे हळूहळू गावापासून कसे दूर गेले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

पांढरीचे देणे

जुन्या काळ्या दारूला तीन जिन्नस लागत: सोरा, गंधक आणि कोळसा. गोळीसाठी चौथा जिन्नस शिसे. कोळशाचा प्रश्न कधीच नव्हता. हलक्या लाकडाचा कोळसा कुठेही पाडता येई. खरा प्रश्न उरलेल्या तिघांचा. यांच्या नावांत एक गंमत आहे. ‘दारू’ हा शब्द फारसी, मुळात औषध या अर्थाचा. ‘सोरा’ही फारसीतूनच आलेला. ‘गंधक’ आणि ‘शिसे’ मात्र संस्कृत वळणाचे, अगदी घरचे शब्द. प्रत्यक्षात स्थिती उलटी होती. परक्या नावाचा सोरा आपल्या पायाखालच्या मातीत होता आणि घरच्या नावाचे गंधक नि शिसे बव्हंशी गलबतातून येत होते.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जिथे माणसे आणि गुरे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मूत्र, शेण, राख आणि उकिरडा मातीत मुरतो, तिथे ऊन लागल्यावर जुन्या भिंतींच्या पायथ्याशी पांढरी फूल धरते. त्या फुलीत सोरा असतो. ती माती खरवडायची, पाण्यात भिजवून निथळ काढायची, निथळ आटवायची आणि थंड होऊ द्यायची, म्हणजे त्याचे स्फटिक धरतात. या कामाला ना खाण लागे ना मोठी भट्टी. उत्तरेत नोनिया जातीचे लोक हे काम पिढीजात करीत. दख्खनमध्येही लहान प्रमाणावर सोरा निघत असे. दारूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचाच असतो. म्हणजे दारूचा बहुतेक ऐवज गावाच्या पांढरीत तयार होत होता.

जे सर्वांत सहज मिळत होते, तेच सर्वांत आधी हातचे गेले. युरोपात सोरा दुर्मीळ होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1793-94 साली फ्रान्सला सोऱ्यासाठी नागरिकांच्या तळघरांतली माती खरवडण्याची मोहीम काढावी लागली. इंग्रजांवर ती वेळ आली नाही, कारण तोवर बिहार त्यांच्या हाती होता. प्लासीच्या लढाईनंतर वर्षभरातच, 1758 मध्ये, मीर जाफरकडून ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. पाटण्याहून निघालेला सोरा नदीमार्गे कलकत्त्याला आणि तिथून जहाजांच्या तळाशी भार म्हणून इंग्लंडला जाई. पुढे 1861 अखेरीस ‘ट्रेंट’ जहाजाच्या प्रकरणावरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्धाचे ढग जमले, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे जाणारा सोरा अडवला. यादवी युद्धात गुंतलेल्या लिंकन सरकारला त्याची झळ लगेच जाणवली. बिहारमधल्या गोठ्याभोवतालची माती पोटोमॅकच्या काठी लढणाऱ्या सैन्याची चिंता ठरत होती. ती माती खरवडणाऱ्या नोनियाला मात्र सोरा काढण्यासाठी परवाना लागू लागला. कारण सोऱ्याबरोबर थोडे मीठही निघते आणि मिठावर सरकारचा कर होता. 1882 च्या मिठाच्या कायद्यात सोराही आला तो याच वाटेने.

समुद्रावरून येणारी गोळी

शिसे आणि गंधक यांची कथा वेगळी. राजस्थानातल्या जावरच्या खाणींतून शिसे नि जस्त फार प्राचीन काळापासून निघत असे. पण दख्खनला त्याचा आधार पुरेसा नव्हता. गंधकाचे साठे तर आपल्याकडे नावापुरतेच; ते ज्वालामुखींच्या प्रदेशांतून, इराणी आखाताच्या आणि पूर्वेकडच्या बेटांच्या बाजूने येई. कंपनीची जहाजे इंग्लंडहून येताना शिसे आणीत आणि परतताना सोरा नेत. एका अर्थाने गोळी येत होती आणि दारू जात होती.

हे परावलंबन शिवाजी महाराजांनी फार लवकर ओळखले असावे. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारले आणि तिथले इंग्रज कैद केले. या घटनेकडे आपण बहुधा विश्वासघाताची शिक्षा म्हणून पाहतो; ते खरेच आहे. तिच्यात दुसराही धडा होता. ज्याच्याकडे दारूगोळा विकायला आहे, तो वेळप्रसंगी तो कुणालाही विकू शकतो. म्हणूनच महाराज एकाच टोपीकरावर विसंबले नाहीत. 1673 च्या सुमारास त्यांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून 80 तोफा घेतल्या, आणि त्या व्यवहारात बंदुकांना पुरेल इतके शिसेही होते. इतिहासकार 80 तोफांचा उल्लेख आवर्जून करतात. शिसे वाक्याच्या शेवटी येते. सैन्याच्या रोजच्या जमाखर्चात त्याची जागा बहुधा पहिली असेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या बाबतीतली दक्षता दिसते. दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर असावे, दारू वेळोवेळी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, अशा सूचना त्यात आहेत. टोपीकरांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये, हा इशाराही त्याच ग्रंथातला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असल्या तरी त्यांचा परस्परसंबंध उघड आहे. किल्ल्यावरचे कोठार भरलेले ठेवायचे, तर ते भरणाऱ्याच्या हाती किल्ल्याची किल्ली जाऊ द्यायची नाही.

शंभर वर्षांनी महादजी शिंद्यांनी हेच सूत्र उत्तरेत मोठ्या प्रमाणावर वापरले. द बॉइन्याच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुका घडू लागल्या. एक बंदूक 10 रुपयांत तयार होई. बंदूक घडवणे आपल्या कारागिरांना कधीच अवघड गेले नाही. पण 1803 च्या ऑक्टोबरात जनरल लेकने आग्रा घेतले आणि तो कारखाना, कोठार, साठा, सगळेच गेले. असईच्या रणांगणावर गमावलेल्या तोफांपेक्षा हे नुकसान कमी लेखता येणार नाही. तोफा पुन्हा ओतता आल्या असत्या. ओतण्याची आणि भरण्याची जागाच उरली नाही.

कायद्यातले तीन शब्द

1857 च्या उठावाने सरकारला प्रजेच्या हातातली शस्त्रे दिसली. त्याच वर्षीच्या शस्त्रविषयक कायद्याची अंमलबजावणी सुरू होताच मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे द्यायला नकार दिला. नोव्हेंबर 1857 मध्ये फौजेने गाव जाळले आणि पुढे अनेकांना फाशी दिले. 1860 मध्ये दुसरा कायदा झाला आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो प्रसिद्ध ‘हत्यारांचा कायदा’ आला.

या कायद्याची चर्चा बहुतेक वेळा वर्णभेदाच्या अंगाने होते. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा अपमान होताच. 1887 च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठरावही केला. पण कायद्याचा मजकूर बारकाईने वाचला, तर व्याख्यांच्या कलमात एक वेगळी गोष्ट आढळते. तिथे ‘लष्करी साहित्य’ या सदरात, सरकार अधिसूचना काढून जिथे ठरवील तिथे, शिसे, गंधक आणि सोरा यांचाही समावेश करता येईल अशी तरतूद होती. आणि असे साहित्य परवान्याविना तयार करणे किंवा विकणे हा गुन्हा होता. बंदुका लाखो होत्या. त्या माळ्यावर, विहिरीत, शेणखताच्या ढिगात दडवता येत. त्या सगळ्या गोळा करणे कुठल्याही सरकारला शक्य नव्हते. तीन जिन्नसांवर नजर ठेवणे शक्य होते. शस्त्र काढून घेण्यापेक्षा शस्त्राची भूक भागू न देणे सोपे असते, हे त्या कलमाच्या मसुदाकारांना नीट कळले होते. 1884 मध्ये स्फोटकांचा कायदा झाला आणि हा फास आणखी आवळला.

टोपी आणि काडतूस

जे कायद्याने अर्धे केले, ते तंत्राने पुरे केले. जुन्या तोड्याच्या बंदुकीला जळती वात आणि कानावर चिमूटभर रंजक पुरत असे. चकमकीच्या बंदुकीला गारेचा तुकडा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याची छोटी टोपी आली. तिच्यात पाऱ्यापासून केलेला स्फोटक क्षार असे आणि घोडा पडताच तो पेटे. पावसातही बार उडू लागला, ही तिची सोय. पण ही टोपी कुठल्याही गावच्या लोहाराला किंवा दारूवाल्याला बनवता येण्यासारखी नव्हती. दारू घरी कुटलेली असो, छर्रे घरी पाडलेले असोत, मुठीत मावणाऱ्या या टोप्यांच्या डबीसाठी शहराकडे पाहावेच लागे.

मग पितळी काडतूस आले. दारू, गोळी आणि टोपी एकाच नळीत बंद झाली. ‘काडतूस’ हा शब्दही पोर्तुगिजांकडून, म्हणजे समुद्रावरूनच आलेला. त्यात भरायची दारूही बदलली. 1880 च्या दशकात बिनधुराच्या दारूचा शोध लागला. ती सोऱ्यापासून होत नाही. तिला आम्लांचे कारखाने लागतात. निलगिरीत अरुवंकाडू येथे 1903 च्या सुमारास सरकारने तिचा कारखाना उभारला. पांढरीच्या मातीचे मोल तिथे संपले.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. म्हणजे पेशवाईच्या राजधानीला लागूनच सरकारची काडतुसे तयार होऊ लागली आणि त्याच मुलखातल्या शेतकऱ्याला छटाकभर गंधक घेताना कारण सांगावे लागू लागले. मुंबईत आजही रे रोडजवळच्या वस्तीला ‘दारूखाना’ म्हणतात आणि माझगावात गनपावडर रोड आहे. नावे शहरांनी सांभाळली आहेत. त्यांचा अर्थ फारसा कुणाला आठवत नाही.

ठासणीची बंदूक आज

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. वर्णभेद गेला, पण रचना तीच राहिली: दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे घटकही सरकार अधिसूचनेने आणू शकते, आणि दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. त्याच कायद्यात शेतकऱ्यासाठी एक वाक्य आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तिथे नावानिशी आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत रानडुकरे नि वानरे यांच्यापासून भात, नाचणी, बागा राखणाऱ्यांना त्या वाक्याचा आधार होता.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, आणि ते आवश्यकच होते. जंगले रिकामी होत चालली होती. परंतु शिकारीबरोबर दारू, छर्रे, टोप्या विकणाऱ्या दुकानांचे गिऱ्हाईकही गेले. विक्रीला एक परवाना, दारू साठवायला दुसरा, आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर वर्षाला किती घेता येईल याची मर्यादा. एवढे सगळे सांभाळून थोड्या मालावर दुकान चालवणे कुणाला परवडेल? कायद्याने बंदूक ठेवू दिली. ती भरण्याची सोय कुणीच मोडली नाही, ती आपोआप आटत गेली. ज्याच्या भिंतीवर आजोबांची बंदूक आणि कपाटात नूतनीकरण केलेला परवाना आहे, त्याला एका डबी टोप्यांसाठी दिवस मोडून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. त्याच्या शेजारी, कायद्याची पर्वा नसलेला कुणी आमिषात गावठी स्फोटक दडवतो आणि त्याने डुकराइतकेच गुराचे नि माणसाचेही तोंड फाटते. वैध वाट अवघड झाली की अवैध वाट रुळते, हे इथेही खरे ठरते.

दारूगोळा गल्लोगल्ली मिळावा, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. नियंत्रणामुळे किती भांडणे बंदुकीपर्यंत पोहोचली नाहीत, याची मोजदाद कुणी केलेली नसली तरी ती कमी नसणार. पण नियंत्रणाचे धोरण ठरवून होते, त्याची जबाबदारी कुणावर तरी असते आणि त्याला प्रश्न विचारता येतो. आटण्याला असे कुणी उत्तरदायी नसते. 1758 चा मक्ता, 1878 चे कलम, पितळी काडतूस, बंद पडलेले दुकान, या सगळ्यांत एक समान धागा आहे. प्रत्येक वेळी बंदूक जिथल्या तिथे राहिली आणि तिला लागणारी वस्तू एक मुक्काम पुढे सरकली.

जुन्या वाड्याच्या भिंतीच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर आजही पांढरी फूल धरते. घरातली मंडळी ती ओलीची खूण समजून झाडून टाकतात.