माणसे (आडवी) : आठ

टेंभी नाक्यावरच्या आमच्या बिऱ्हाडात माळ्यावर एक लाल पुठ्ठ्याची वही असते. वाण्याच्या खातेवहीसारखी, लांबट. दर दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते आणि तिच्यामागोमाग सौ.चा प्रश्न येतो, "ही यंदा तरी रद्दीत घालू का?"

वहीत सह्याद्रीतल्या निवाऱ्यांची यादी आहे. गुहा, लेणी, देवळं, शाळांच्या पडव्या. १९८२ साली सुरू केली. रकाने मीच आखले : ठिकाण, माणसे (आडवी), पाणी, गळती, पिसवा. यातला 'आडवी' हा शब्द महत्त्वाचा. गप्पा मारायला गोरखगडाच्या गुहेत पुष्कळ माणसं मावतात. पण रात्री त्यांना पाय लांब करायचे असतात. हरिश्चंद्रगडावर एकदा आम्ही असे दाटीवाटीने झोपलो होतो, की कूस बदलायची तर आधी ठराव मांडावा लागे.

मी कारकून माणूस. असली यादी आपणच पहिल्यांदा करतोय, असं मला वाटत होतं. हा समज ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने उतरवला. तो छापला १८८२ साली, म्हणजे माझ्या बरोबर शंभर वर्षं आधी! त्यात किल्ला आला की मागोमाग १८६२ सालच्या पाहणीचा दाखला : तट पडलाय का, पाणी आहे का, आसपास शिधा मिळतो का. अठराशे सत्तावन्न होऊन पाचच वर्षं झालेली. साहेब काही वनभोजनाला जागा शोधत नव्हता. पण रकाने बघा, पाणी आणि शिधा! पिसवांचा रकाना तेवढा नाही. चावल्या असतीलही, पण तसं वरिष्ठांना कळवायची पद्धत नसावी.

बरं, साहेब तरी पहिला कुठे? ठाण्याच्या डोंगरापलीकडे कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं असा नियम, तेव्हा निवारा हवाच. बसाय-झोपायला दगडी ओटे आणि बाहेर पाण्याचं टाकं. लेण्यांतल्या प्राकृत लेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. आणि कोणी काय दिलं हे ब्राह्मी लिपीत तिथल्या तिथे कोरून ठेवलंय : अमक्याने लेणं, तमक्याने पोढी. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिल्याची नोंद आहे. कल्याणच्या सोनाराकडून मी आजवर फक्त घडणावळीचा आकडा ऐकलेला, त्यामुळे हे वाचून मला फार बरं वाटलं. निवारा आणि त्याची नोंद एकाच दगडात. वही हरवायची भीती नाही.

कल्याणहून जुन्नरकडे जाणारी जुनी व्यापारी वाट नाणेघाटाने चढते. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे. किती यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण दिले, याचा हिशेब. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. आज वर नावं आहेत आणि खाली फक्त पायांच्या खुणा. त्याच भिंतीजवळ कोण्या वीराने कोळशाने आपलं आणि एका मुलीचं नाव लिहिलेलं मी पाहिलं. दिलं काहीच नाही, नोंद मात्र केली.

त्याला हसलो खरा. पण पुढे माझी गत त्याहून वाईट झाली.

एका गडापुढे मी ऐटीत लिहिलं होतं, 'पाणी : बारमाही'. गडाचं नाव सांगत नाही, गडाचा काही दोष नव्हता. मी गेलो होतो ऑक्टोबरात, तेव्हा टाकं काठोकाठ भरलेलं. चाळीतली दोन पोरं माझी वही वाचून एप्रिलात गेली. भरवशाने एकच बाटली घेऊन. संध्याकाळी वर पोचली तर टाक्यात वाळका पाला. अंधारात उतरता येईना. रात्र कोरड्या घशाने काढली आणि उजाडल्यावर खालच्या वाडीपर्यंत धाकट्याला थोरल्याने जवळजवळ ओढतच आणलं. तिथल्या एका म्हातारीने हंड्यातलं पाणी पाजलं. तो हंडाही ती पहाटे लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेला.

मला कोणी रागावलं नाही. धाकट्याने फक्त विचारलं, "काका, बारमाही म्हणजे कोणते बारा?"

त्या रात्री मी वहीत नवा रकाना आखला : 'कोणत्या महिन्यात पाहिले'. बहुतेक ठिकाणांपुढे एकच उत्तर आलं, ऑक्टोबर किंवा डिसेंबर. मग तीन उन्हाळे एकेका टाक्यात वाकून बघण्यात गेले. सौ. म्हणे, "लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात." सात ठिकाणचं 'बारमाही' खोडावं लागलं.

या दिवाळीत वही पुन्हा खाली आली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे सगळं आता मोबाईलवर मिळतं." त्याने तोच गड काढून दाखवला. फोटो सुंदर होते, टाकं काठोकाठ भरलेलं. खाली लिहिलं होतं, पिण्याचं पाणी उपलब्ध.

"कोणत्या महिन्यातला फोटो?" मी विचारलं.

तो बराच वेळ बोटाने वरखाली करत राहिला. तेवढ्यात सौ.ने वही फडक्याने पुसली आणि काही न बोलता माळ्यावर ठेवून दिली.