सांगेन तेव्हा ये

‘फर्लो’ हा शब्द मराठीत आहे, पण त्याचा मुक्काम तुरुंगात असतो. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ठरावीक काळाने मिळणाऱ्या रजेला आपल्या कारागृहांत ‘संचित रजा’ म्हणतात. पॅरोलची ‘अभिवचन रजा’ वेगळी. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला फर्लो ठाऊक असतो तो याच अर्थाने. मूळ डच शब्द इंग्रजीत आला तो सैनिकाच्या रजेसाठी. २०२० च्या साथीत मात्र तो जगभर दुकानांच्या आणि कारखान्यांच्या संदर्भात ऐकू येऊ लागला. काम थांबले आहे, नोकरी थांबलेली नाही, असा त्याचा आशय होता. ब्रिटनमध्ये बंद दुकानांतील नोकरांना पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २५०० पौंडांच्या मर्यादेत, मिळत राहावा म्हणून सरकारी तिजोरी उघडण्यात आली. ती योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली.

मालवणच्या बाजारपेठेत त्याच काळात जे घडले, त्याला असे नाव मिळाले नाही. तिथे एक साधे वाक्य पुरले: ‘सांगेन तेव्हा ये.’ ही बडतर्फी नव्हे, कारण कोणी कोणाला काढलेले नाही. ही रजाही नव्हे, कारण रजेला शेवटची तारीख असते. नोटीस तर नव्हेच. नोटिशीला कागद लागतो. या वाक्याला इतिहास आहे का, आणि असल्यास तो कुठे शोधायचा, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात एका जुन्या शब्दापासून करता येईल. ‘गुमास्ता’ म्हणजे पेढीवरचा किंवा दुकानातला कारकून, मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा नोकर. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापनांसाठी पहिला कायदा केला. देशातला अशा तऱ्हेचा तो पहिलाच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळाली होती. दुकानातल्या माणसाचे कामाचे तास कायद्याने मोजायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. पुढे १९४८ चा अधिक विस्तृत कायदा आला आणि लोकांनी त्याला ‘गुमास्ता कायदा’ हे नाव दिले. आज बाजारात कोणी ‘गुमास्ता आहे का?’ असे विचारले, तर प्रश्न माणसाविषयी नसतो. तो भिंतीवर चौकटीत लावलेल्या, दुकानमालकाच्या नावाच्या नोंदणीपत्राविषयी असतो. ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला त्याचे नाव मालकाच्या कागदाला चिकटले आणि माणूस त्या शब्दातून निघून गेला. अर्थांतराची उदाहरणे गोळा करणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे.

१९४८ च्या कायद्यात एक तरतूद होती. सलग वर्षभर काम केलेल्या नोकराला पुरेशा कारणाविना कामावरून दूर करायचे, तर ३० दिवसांची लेखी नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार द्यावा लागे. तीन महिन्यांहून अधिक पण वर्षाहून कमी काम झालेल्याला १४ दिवसांची. ही तरतूद बाजारात किती पाळली जाई, हा प्रश्न वेगळा. पण ती होती, आणि दुकान लहान म्हणून ती गळून पडत नव्हती. २०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि तो त्याच वर्षी १९ डिसेंबरला अमलात आला. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने केवळ व्यवसायाची सूचना द्यावी, एवढेच बंधन उरले. व्यवसाय सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू. मालवणसारख्या गावातल्या पेठेत दहा नोकरांचे दुकान शोधावे लागते. खाजे, काजू, कोकम आणि आंबापोळी विकणाऱ्या दुकानात, कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानात एक, दोन, फार तर तीन माणसे कामाला असतात. म्हणजे साथ येण्याच्या जेमतेम सव्वादोन वर्षे आधी या माणसांच्या अंगावरचे जुने, विरलेले का होईना, पांघरूण काढून घेतले गेले होते.

साथीचा कायदा मात्र जुनाच होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. बंद पडलेल्या कामाच्या मजुरीविषयी एक शब्द नाही. हाच कायदा राज्यात मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू करण्यात आला.

प्लेगच्या त्या हिवाळ्यात लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्यांत कोकणातली माणसे मोठ्या संख्येने होती. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. त्या पांगापांगीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तोही थकवून दिला जाई. माणसे मिळेनाशी झाल्यावर मालकांना रोजची मजुरी रोज मोजावी लागली. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने भाव पुकारले गेले. काही महिन्यांपुरता का होईना, साथीने मजुराच्या हाती जोर दिला. कारण उघड आहे: हातांवाचून साचे चालत नाहीत. दुकानाचे तसे नसते. गिऱ्हाईक रोडावले की मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, मुलगा माल काढून देतो, घरातले कोणी हिशेब पाहते. दुकान चालू राहते आणि नोकराची जागा, ती जागा होती हे कोणाच्या लक्षातही न येता, भरून निघते. गिरणी आणि दुकान यांतला हा फरक लक्षात घेतल्याशिवाय २०२० ची मालवणची पेठ समजणार नाही.

शिवाय मालवणचे वर्ष सरळ बारा महिन्यांचे नसते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पेठेचे अर्थकारण हळूहळू हंगामावर येऊन बसले. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद. जे मिळवायचे ते मे महिन्याच्या सुटीत, गणपतीत, दिवाळीनंतरच्या पर्यटनात आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास. आता साथीची तारीखवारी या पंचांगावर ठेवून पाहावी. टाळेबंदी आली २०२० च्या मार्चअखेरीस, म्हणजे मे महिन्याचा माल भरण्याच्या दिवसांत. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोचून दहा दिवस घरात विलगीकरणात राहावे, असा नियम झाला. खरेदीचे नेमके तेच दहा दिवस असतात. ६ मार्च २०२१ ची आंगणेवाडीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने याच किनाऱ्याला झोडपले. वर्षाचा पगार ज्या महिन्यांच्या भरवशावर ठरतो, ते महिने असे एकामागून एक गळाले.

दुकाने उघडली तीही अर्धीच. २०२१ च्या ऑगस्टच्या आरंभी राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली. निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. तिथे चार वाजता फळ्या लागत आणि अत्यावश्यक नसलेली दुकाने शनिवार-रविवार बंद. समुद्रकाठच्या बाजारात संध्याकाळ हीच विक्रीची वेळ. ज्याचा हिशेब हजेरीवर होतो त्याच्या बाबतीत चार वाजता बंद होणारे दुकान म्हणजे अर्ध्या हजेरीची शक्यता, आणि आठवड्यातले दोन दिवस कोरे.

या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की बंद काळातही मालकांनी कपात न करता पूर्ण वेतन द्यावे. त्यात दुकानांचा स्पष्ट उल्लेख होता. आदेश पन्नास दिवस टिकला. १८ मेपासून तो मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत बोलणी करून मार्ग काढावा, असे सुचवले. बोलणी करायला दोन बाजू लागतात. एका दुकानातला एकटा नोकर ही बाजू होऊ शकत नाही. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ची निम्मी भरपाई होती, पण ती कारखाना, खाण आणि मळा यांपुरती, आणि पन्नास कामगारांची अट घालून. एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांसोबत राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना १५०० रुपये जाहीर केले. त्या यादीत दुकानातला नोकर नव्हता. त्याची नोंदणी करणारी यादीच कुठे नव्हती.

इथे मालकाला खलनायक करण्याचा मोह टाळला पाहिजे. मालवणचा दुकानदार बहुधा स्वतःच कर्जावर आणि भाड्यावर उभा असतो. त्याला सवलत मिळाली ती हप्ते पुढे ढकलण्याची आणि नवे कर्ज घेण्याची. नोकराचा पगार द्या म्हणून आदेश काढणाऱ्या राज्यसंस्थेने त्या पगारातला एक रुपयाही उचलला नाही. ब्रिटनच्या योजनेशी तुलना करताना लक्षात राहतो तो मुद्दा हा. ‘सांगेन तेव्हा ये’ या वाक्यात पुष्कळदा खोटेपणा नसेलही. मालकालाही केव्हा सांगायचे ते ठाऊक नव्हते.

तरीही इतिहासाचा प्रश्न उरतोच. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली कामगार’ होता. रोज सकाळी दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे. अनिश्चिततेत तो आपल्या दुकाननोकराचा थोरला भाऊच. पण १९३५ नंतर त्याच्या खिशात बदलीचे कार्ड आले. त्याचे नाव कुठेतरी लिहिले गेले. १९८२ चा संप झाला तेव्हा मोजता येईल असा समूह होता, आणि पुढे जयंत पवारांच्या ‘अधांतर’सारखे नाटक त्या उद्ध्वस्त घरांतून उभे राहू शकले. कोकणाच्या साहित्यातही चाकरमानी आहे, मनिऑर्डर आहे, बोटीचा धक्का आहे. जो गेला त्याची वाट पाहणारे वाङ्मय आपल्याकडे पुष्कळ आहे. जो गेलाच नाही, गावातच ‘दुकानात कामाक’ राहिला, त्याचे चित्र शोधू लागलो तर हाती फारसे काही लागत नाही. तो कथेत येतो तो पुडी बांधून देण्यापुरता.

२०२० आणि २०२१ चा इतिहास लिहिणाऱ्याला सरकारी आदेश मिळतील, रुग्णसंख्या मिळेल, न्यायालयाचा निकाल मिळेल. तोंडी दिलेले काम तोंडीच थांबले, त्याचा कागद मिळणार नाही. जमेच्या वहीत ‘उचल’ म्हणून लिहिलेले आकडे, हजेरीच्या रकान्यातल्या रिकाम्या चौकोनांची ओळ, आणि ती माणसे सांगू शकतील तेवढे, हीच साधने आहेत. त्यांतली पहिली दोन वह्यांबरोबर रद्दीत जातात. तिसरे साधन अजून मालवणच्या पेठेत हिंडते-फिरते आहे. स्थानिक महाविद्यालयांतील मराठीच्या आणि इतिहासाच्या विभागांनी मनावर घेतले, तर एका शैक्षणिक वर्षात ते पुष्कळसे लिहून काढता येईल.