कैली आणि वजनी

धान्य मापावे की तोलावे, हा प्रश्न आज किराणा दुकानातील विजेच्या काट्याने निकालात काढला असला, तरी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत आणि सरकारी कोठारांत तो शतकानुशतके नांदत होता. मराठेशाहीतील कागदपत्रांत गल्ल्याचा आकडा नोंदताना तो ‘कैली’, म्हणजे मापाचा, की ‘वजनी’, हा खुलासा कारकुनास करावा लागे, तो त्याचमुळे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे झाले माप. पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण, हे झाले वजन. शेर आणि मण ही नावे दोन्ही कोष्टकांत वावरत, आणि पायलीचा मण तर परगण्यागणिक बदले. शिवाय ज्या पायलीत तांदूळ मावत, तिच्यातच पोहे भरले तर त्यांचे वजन कितीतरी कमी भरे.

ही अडचण कौटिल्याने ओळखली होती. द्रोण हे मूलतः आकारमानाचे परिमाण, पण अर्थशास्त्रात त्याची व्याख्या उडदाच्या वजनाने केलेली आहे, आणि तीही एकच नाही: राजाच्या कोठारात येणाऱ्या धान्याचा द्रोण २०० पलांचा, व्यापारातील १८७॥ पलांचा, सेवकांना वाटण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुराचा १६२॥ पलांचा. घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरून तफावत राजकोशात जमा करण्याची ही व्यवस्था, उघड लिहिलेली असल्यामुळे, निदान प्रामाणिक तरी म्हटली पाहिजे. कोरड्या मालाच्या मापावर येणारी शीग चतुर्थांश धरावी, असाही तेथे दंडक आहे.

शिगेचा हा हिशेब पुढे मापाऱ्याच्या हाती गेला. पहिल्या पायलीस ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू करणारा हा मनुष्य धान्य किती उंचीवरून सोडतो, पायली हलवतो की नाही, आणि वरचा भाग शिगोशीग ठेवतो की हाताने सपाट करतो, यावर शेतकऱ्याचे नफा-नुकसान अवलंबून असे. १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनांचा तोळा ठरविला, आणि त्यावरून ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा झाला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात येऊन मापाऱ्याचे महत्त्व ओसरले.

स्वयंपाकघराने मात्र माप सोडले नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांतही वाटी-चमच्याचे माप चालते, कारण पाकक्रियेला परिमाणापेक्षा प्रमाण अधिक लागते. पण प्रमाणही दगा देते. पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ, हा नियम तराजूवर पाळला तर पुरण हवे तसे गोड होते; तोच नियम वाटीने पाळताना चिरलेला गूळ सैल भरला, तर खड्यांमधल्या पोकळीमुळे तो वजनात उणा पडतो, आणि म्हणून अनुभवी गृहिणी ‘दाबून भरलेली वाटी’ सांगते. कौटिल्याने उडदाचे नाव घेतले ते याच गरजेपोटी: कोणता जिन्नस आणि कसा भरलेला, हे सांगितल्याखेरीज कोणत्याही मापाचा वजनाशी मेळ बसत नाही.