सिलाट : पुस्तके व चित्रफितींवरून प्राथमिक शिक्षण (खानदेश)

सिलाट हे इंडोनेशिया, मलेशिया, ब्रुनेई, सिंगापूर आणि दक्षिण थायलंड या मलय जगतातील स्वसंरक्षणाच्या व लढण्याच्या अनेक परंपरांचे सामाईक नाव आहे. इंडोनेशियात या विद्येला पेन्चाक सिलाट म्हणतात आणि मराठी वृत्तपत्रांत ती बहुधा ‘पिंच्याक सिलॅट’ या रूपात भेटते. गावोगावच्या घराण्यांत विखुरलेल्या या विद्येला संघटित रूप मिळाले ते १८ मे १९४८ रोजी सुराकार्ता येथे इंडोनेशियाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यावर. मार्च १९८० मध्ये जाकार्तात आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाची १६ सुवर्णपदके लागली आणि त्यांतली १४ यजमान इंडोनेशियाने जिंकली. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंच्या नोकरभरतीसाठीच्या यादीत २० नवे खेळ घातले. त्यांत आपल्या मल्लखांबाच्या जोडीने पेन्चाक सिलाटही होता. पुढे २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आणि मे २०२५ मध्ये दीव येथील खेलो इंडिया बीच गेम्समध्ये त्याची पदके ठेवली गेली. नोकरीच्या यादीत नाव आले की जिल्ह्याजिल्ह्यांतील मुले त्या खेळाची चौकशी करू लागतात, आणि यात वावगे काही नाही. मात्र जाणता शिक्षक जवळ नसेल तर जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर इथल्या शिकाऊच्या हाताशी पहिल्यांदा येते ते पुस्तक, आणि २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यापासून त्याहीपेक्षा चित्रफीत. या साधनांवरून सिलाटची बाराखडी गिरवता येते का, आणि १९०६ पूर्वी एकच जिल्हा असलेल्या या खानदेशात ती कशी गिरवावी, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

सिलाटच्या प्राथमिक भागात चार गोष्टी येतात. पहिली कुडा-कुडा, म्हणजे पवित्रे : गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून घेतलेले ठाण. दुसरी लांगकाह, म्हणजे पावले टाकण्याच्या ठरीव वाटा, ज्या जमिनीवर त्रिकोण किंवा चौकोन आखून शिकवतात. तिसरी जुरूस, म्हणजे हातापायांच्या हालचालींची एका क्रमात गुंफलेली साखळी. चौथी, प्रतिस्पर्ध्याचा पाय झाडून, अडकवून किंवा उचलून त्याला खाली आणण्याची तंत्रे. पहिल्या तिन्हींच्या बाबतीत पुस्तक आणि चित्रफीत यांची योग्यता निःसंशय मोठी आहे. पावलांची वाट समजून घ्यायला तर पुस्तकातील आकृती चित्रफितीपेक्षा सरस ठरते. वरून पाहिलेल्या त्रिकोणावर डावे-उजवे पाऊल क्रमांकासह दाखवलेले असते, तर चित्रफितीत समोर तोंड करून उभ्या शिक्षकाचे डावे पाहणाऱ्याला उजवे वाटते आणि नवखा शिकाऊ महिनाभर उलट्या बाजूने सराव करत राहतो. उलटपक्षी एका ठाणातून दुसऱ्यात जाताना मध्ये काय घडते, लय कुठे संथ होते आणि कुठे अचानक तुटते, हे दोन छायाचित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत हरवते. तिथे चित्रफीतच हवी. स्पर्धेतील ‘तुंग्गल’ हा एकल प्रकार घेतला तर हे अधिकच स्पष्ट होते. त्यात १०० हालचाली ठरलेल्या आहेत : ५० रिकाम्या हातांनी, २५ कोयत्यासारख्या गोलोकने, २५ काठीने, आणि सगळे ३ मिनिटांत संपवायचे. क्रम चुकला, हालचाल गळली की गुण कापले जातात. जिथे नमुना सर्वांसाठी एकच आणि जाहीर आहे, तिथे तो नमुना दाखवणारी चित्रफीत शिक्षकाचे काम करते आणि परीक्षकाचेही. शिकाऊने आपला सराव मोबाइलवर टिपून शेजारी मूळ नमुना लावावा. चूक डोळ्यांना दिसते.

चौथ्या गोष्टीपाशी मात्र ही साधने थांबतात, आणि थांबण्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळ जण म्हणतात की चित्रफीत शंकांना उत्तर देत नाही. ते खरे आहे, पण मुख्य अडचण ती नाही. शंकांची उत्तरे आज दुसऱ्या चित्रफितीत मिळतात. खरी अडचण वजनाची आहे. समोरच्याच्या पायावर त्याचा भार असताना तो पाय झाडला तर माणूस जागचा हलत नाही, भार नुकताच सुटला असताना झाडला तर तोच माणूस अलगद पडतो. हा क्षण कॅमेऱ्याला दिसत नाही. पडद्यावर दोन्ही प्रयत्न सारखेच दिसतात, फरक फक्त निकालात दिसतो. शिवाय प्रात्यक्षिकातला जोडीदार पडायला तयार असतो. चित्रपटात तर तो पडण्यासाठीच नेमलेला असतो आणि संकलक नको तो भाग कापून टाकतो. ‘द रेड’ (२०११) पाहून सिलाटकडे वळलेल्यांची संख्या जगभर मोठी आहे. त्या चित्रपटाचा नायक इको उवाइस लहानपणापासून आपल्या मामा-काकांच्या पिढीतील वडीलधाऱ्याच्या शाळेत, बेतावी परंपरेत तयार झाला, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. पडद्यावरून लाखोंना शिकण्याची इच्छा देणारा माणूस स्वतः पडद्यावरून शिकलेला नव्हता. ‘तांदिंग’ या लढतीच्या प्रकारात ठोसा १ गुणाचा, लाथ २ गुणांची आणि खाली पाडणे ३ गुणांचे. नियमांनीच सर्वाधिक मोल त्या कौशल्याला दिले आहे जे एकट्याने कधीच येत नाही.

मग पुस्तक निरुपयोगी का? नाही. ते कोणाच्या हाती पडते यावर सारे अवलंबून आहे. सिलाटवरील इंग्रजीतील सुरुवातीच्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक १९७० मध्ये डॉन ड्रेगर यांनी हॉवर्ड अलेक्झांडर व क्विंटिन चेंबर्स यांच्यासह लिहिले. दोनच वर्षांनी द्वीपसमूहातील शस्त्रे व युद्धकलांवरचा ड्रेगर यांचा ग्रंथ आला. ड्रेगर अमेरिकी होते, सिलाट त्यांच्या घरची नव्हती. तरीही ते परक्या बेटावरच्या हालचाली पाहून त्यांचे मर्म टिपू शकले, कारण जपानात ज्यूदोच्या गादीवर त्यांनी अनेक वर्षे माणसे पाडली होती आणि स्वतः पडले होते. छापील आकृती त्यांच्यासारख्याला अर्थपूर्ण वाटते, कारण त्यांच्या अंगाला वजन, तोल आणि पडणे आधीच ठाऊक असते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे हेच आहे : पुस्तक आणि चित्रफीत सिलाटची रीत शिकवतात, दुसऱ्याच्या देहाची जाण शिकवत नाहीत, ती जाण आधी मिळवलेल्याला मात्र रीत पुस्तकातून घेता येते.

खानदेशात ती जाण मिळवण्याची जागा शोधायला दूर जावे लागत नाही, ती तालीम आहे. यात्रेतले कुस्त्यांचे फड, वस्तादाच्या देखरेखीखालचा हौदा आणि पहाटेच्या जोर-बैठका ही या भागाची जुनी शिस्त आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झाले, ते याच मातीतले. त्यांची वाटचाल आपल्या मुद्द्याला दुहेरी पुरावा देते. कुस्तीची जाण गावात रुजते, हे एक. आणि दुसरे, वरच्या पायरीवर जाण्यासाठी त्यांना पुण्याच्या तालमीत जावे लागले. कुस्तीचे डाव पुस्तकांत आणि चित्रफितींत मुबलक असताना इतक्या दूर जायचे ते तोडीच्या जोडीसाठी, रोज वेगवेगळ्या वजनाचा आणि चालीचा मल्ल अंगावर घेण्यासाठी. तंत्राच्या पातळीवरही दोन्ही विद्या अनोळखी नाहीत. आतली टांग, बाहेरची टांग लावणारा पठ्ठा प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर आहे हे पकडीतून ओळखतो, आणि सिलाटमधील पुढून पाय झाडणे किंवा मागून पाय अडकवणे याच ओळखीवर उभे आहे. पट काढायला, म्हणजे पाय धरून ओढायला, कंबर जितकी खाली लागते तितकीच ती सुमात्रा बेटावरील सिलाटच्या खालच्या पवित्र्यांत लागते. हौद्यातली भुसभुशीत माती पडणाऱ्याला सांभाळून घेते, त्यामुळे पडण्याची भीती लवकर जाते. भीती गेल्याशिवाय पाडणे येत नाही, हे कोणताही वस्ताद सांगेल, आणि तो इथल्या अहिराणी बोलीत सांगेल म्हणून ते अंगात चटकन उतरेल.

यावर पहिला आक्षेप महाराष्ट्राच्याच इतिहासातून येतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार पुस्तकांतून केला, १९३८ मध्ये त्यांचे पुस्तक लंडनमध्ये प्रकाशित झाले आणि गुरूचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी त्यावरून नमस्कार घातले. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला. देशी व्यायाम आणि खेळ कागदावर उतरवण्याचा एवढा मोठा उद्योग व्यर्थ होता असे कोण म्हणेल? व्यर्थ नव्हताच, पण या दोन उदाहरणांत फरक आहे. सूर्यनमस्कारात समोर कोणी नसतो, म्हणून तो तुंग्गलच्या जातीचा आहे आणि पुस्तकाने पूर्णपणे शिकवता येतो. ज्ञानकोशातील कुस्तीचे डाव वाचणारा वाचक मात्र त्या काळी बहुधा तालमीशी परिचित असे; खंडांनी त्याला नावे, क्रम आणि स्मरण दिले, अंगमेहनत त्याची स्वतःची होती. म्हणजे हे दाखले प्रस्तुत मुद्द्याला पुष्टीच देतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कुस्तीची सवय सिलाट बिघडवते. मल्ल डोके पुढे घालून घुसतो, अंगाला अंग भिडवून पकड धरून ठेवतो. तांदिंगमध्ये ठोसे आणि लाथा छातीवर-पोटावर येत असतात, पाडण्याचा प्रयत्न काही सेकंदांत पुरा करावा लागतो आणि पकडून रेंगाळता येत नाही. ही तक्रार खरी आहे, मात्र हा दोष ठाणाचा आणि अंतराचा आहे. तो डोळ्यांना दिसतो, आणि जे दिसते ते चित्रफितीशी ताडून सुधारता येते. याच्या उलट, आरशासमोर देखणी जुरूस करणाऱ्याला धक्का लागताच तोल जाण्याचा जो दोष असतो तो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. दोन दोषांत दुरुस्त होणारा पत्करावा.

तिसरा आक्षेप मुलींचा आहे, आणि त्याला पळवाट काढू नये. तालमीचा हौदा परंपरेने पुरुषांचा राहिला आहे. काही ठिकाणी हे बदलते आहे, सर्वत्र नाही. मुलींसाठी शाळेतली कबड्डी हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. पायाची पकड, झटका देऊन सुटणे, अनेकांच्या भाराखाली तोल राखणे आणि मातीवर पडणे हे सारे तिच्यात आहे, आणि शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर ती मुलींना खुली आहे. ज्यूदोची गादी जिथे उपलब्ध असेल तिथे ती उत्तमच, कारण पडण्याचे शास्त्र तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात.

पडद्यावरून शिकताना एका तंत्राला स्पष्ट मनाई हवी : दोन्ही पायांच्या कात्रीत प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला पाडणे. सिलाटच्या चित्रफितींत ते फार लोकप्रिय आहे, दिसतेही नेत्रदीपक. १९८० मध्ये जपानचे महान ज्यूदोपटू यासुहिरो यामाशिता यांचा पाय याच जातीच्या कात्रीने स्पर्धेत मोडला, आणि पुढे ज्यूदोने ती निषिद्ध ठरवली. आयुष्यभर पडायला शिकलेल्या माणसाची ही गत झाली, तर गच्चीच्या सिमेंटवर दोन नवख्यांनी ते करून पाहणे म्हणजे गुडघा गमावण्याची तयारी. पाडण्याचा कोणताही सराव माती किंवा गादीवरच व्हावा. खानदेशात आणखी एक साधी गोष्ट पाळावी लागते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून खाली बसून करायच्या पवित्र्यांचा सराव तालमीच्या वेळेलाच, पहाटे, आटोपावा.

यातून शिकण्याचा क्रमही ठरतो. आधी काही महिने हौद्यात किंवा मैदानावर पडणे-पाडणे, त्याच्या जोडीने पुस्तकातून पावलांच्या वाटा, मग चित्रफितीवरून तुंग्गलच्या रिकाम्या हातांच्या ५० हालचाली. शस्त्रे आणि मोकळी लढत मात्र जाणत्या प्रशिक्षकाशिवाय नाहीच. केवळ पडद्यावर विसंबलेला शिकाऊ एकल प्रकारात पदकापर्यंत पोचू शकेल, लढतीत पहिल्याच फेरीत उघडा पडेल. जळगाव आणि धुळ्याच्या क्रीडाशिक्षकांना व वस्तादांना विनंती एवढीच, की त्यांनी एकत्र बसून तुंग्गलच्या १०० हालचालींची सचित्र मराठी पुस्तिका तयार करावी आणि प्रत्येक पाडण्याच्या तंत्राशेजारी त्याला जवळचा कुस्तीचा डाव नोंदवावा.