धुरातला टोप पाण्यात

मागच्या महिन्यात पुतण्याचा स्कॉटलंडहून फोन. "काका, ड्रायसूट मिळालाय, एकदम स्वस्तात!" मला वाटलं, लग्नाबिग्नाचा सूट असेल. तर तो निघाला शिडाच्या होडीवर घालायचा कोरडा पोशाख. माणूस थंड पाण्यात पडला तरी आतले कपडे भिजत नाहीत. मनगटाला आणि गळ्याशी रबराचे घट्ट पट्टे. आता हा पठ्ठ्या त्याला भोकं पाडून, झडपा बसवून तो घालून समुद्राच्या तळाशी जाणार म्हणे. "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर, असं पूर्वी कुणी केलंय का?"

केलंय की! मंडळी, पाणबुड्याच्या टोपाचा जन्मच मुळी आगीच्या धुरात झाला. चार्ल्स डीन नावाच्या इंग्रजानं 1823 साली एका टोपाचं पेटंट घेतलं. धुरानं भरलेल्या खोलीत शिरायचं, डोक्यावर धातूचा टोप, मागे चामड्याची नळी आणि बाहेर कुणीतरी भाता मारतोय. (गंमत म्हणजे मॅकिंटॉशच्या रबरी कापडाचं पेटंटही त्याच सालचं.) पुढे काही वर्षांतच चार्ल्स आणि त्याचा भाऊ जॉन तोच टोप घालून बुडालेल्या जहाजांवर उतरू लागले. 1545 साली बुडालेलं 'मेरी रोझ' जॉनला 1836 मध्ये सापडलं ते असंच.

पण धुरात चालतं ते पाण्यात चालतंच असं नाही. टोपाची खालची बाजू मोकळी होती. खोलीत वाकलं तर काय बिघडतं? पाण्यात मात्र माणूस फार वाकला किंवा आडवा झाला, की हवा खालून निसटणार आणि पाणी टोपात चढणार. पुढे लंडनमधल्या ऑगस्टस सीबं या जर्मन कारागिरानं टोप अंगातल्या पोशाखाला घट्ट जोडला आणि वापरलेली हवा बाहेर सोडायला झडप दिली. नळीच तुटली तर टोपातली हवा उलटी वर पळून पाण्याच्या दाबानं माणूस चेपला जाईल, म्हणून येणाऱ्या वाटेवर एकेरी झडपही पुढे आली.

हा दाब मी पुस्तकात वाचायच्या आधी विहिरीत पाहिला. राहुरी तालुक्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोरं वाळलेला भोपळा नाहीतर डबा कमरेला बांधून पोहायला शिकायची. एकदा आम्ही पाच किलोचा डालड्याचा डबा डांबरानं बंद केला, दगड बांधून तीनेक परस खाली सोडला. वर ओढला तर पोट खपाटीला गेलेलं! आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तोच चेपलेला डबा धाकट्या चुलतभावाला बांधला. आतली जागा कमी झालेली, त्याचं वजन पेलेना. नाकातोंडात पाणी गेलं, थोरल्या काकांनी उडी टाकून काढला. डबा चेपलेला होता हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नव्हतो. असो.

पुतण्याला हेच सांगितलं. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे सुटातली हवा निम्मी. घड्या कातडीला चिमटे घेणार, छातीला आवळणार, माणूस जड होऊन आणखी खाली जाणार. म्हणून टाकीतून सुटात हवा घेणारी झडप हवी. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून दंडावर सोडणारी हवी. शिवाय होडीच्या सुटाचं कापड आणि चेन पाण्यावर पडण्यासाठी केलेली, पाण्याखाली राबण्यासाठी नव्हे. झडपा तू चिकटवशील रे, चेनीचं काय?

तो म्हणाला, "पण काका, डीननं केलंच ना?"

मालवणच्या कोमट पाण्यात ही भानगडच नाही, तिथे ये, असं म्हणून पाहिलं. पठ्ठ्या गप्प. मग त्याला चुलतभावाची, म्हणजे त्याच्या बापाची, डब्याची गोष्ट सांगितली. साठ वर्षांत पहिल्यांदाच सांगितली कुणाला.

परवा निरोप आला. होडीचा सूट होडीलाच ठेवलाय, पाणबुड्यांचा एक जुना बघतोय. खाली ओळ होती : "बाबांना डब्याचं विचारलं. ते म्हणाले, मला तेव्हाच माहीत होतं."

त्याला अजून फोन केलेला नाही.